भिडेचे पाणी
एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी येऊ लागले. त्या उन्हाळ्यात यजमानीण पाहुण्यापुढे तांब्या-भांडे ठेवी आणि पाहुणा ‘आत्ताच पिऊन आलो’ म्हणे. हे खरे नाही, हे दोघांनाही ठाऊक असे. आजच्या स्पष्टवक्त्यांना यात ढोंग दिसते. वस्तुतः तो यजमानाची लाज राखणारा संस्कार होय. मात्र हीच भीड मानी घरातला रिकामा हंडा शेजाऱ्यापासूनही लपवते, हेही मान्य केले पाहिजे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत बसणाऱ्याला ‘गरज आहे का?’ असे कोणी विचारत नाही. त्याच्या शेजारी एखादा लक्षाधीशही बसलेला असतो. वस्त्यांमध्ये मदत वाटताना गरजूंची नावे मोठ्याने पुकारणाऱ्या कार्यकर्त्यांनी एकदा त्या पंगतीत बसून यावे.