झाकण बसवा, मगच मोळी टाका



मी या कारखान्याचा सभासद आहे आणि इलेक्ट्रिक खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूसही आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलण्याचा मला थोडाफार हक्क आहे. मागच्या सभेत दुरुस्तीच्या खर्चात केबल ट्रंकिंगची रक्कम वाचून दाखवली, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! वायर उघडी राहिली तर तिला काय थंडी वाजते का?" सभा हसली, मीही हसलो. पण घरी आल्यावर वाटलं, याचं उत्तर द्यायला हवं होतं.

ट्रंकिंग म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही. चौकोनी पन्हळ आणि तिच्यावर बसणारं झाकण. घरात आपण हिला केसिंग-पट्टी म्हणतो. पूर्वी ती लाकडाची असे. आता घरात पीव्हीसीची आणि कारखान्यात जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची असते. पाइपातून तार ओढून न्यावी लागते. इथं झाकण काढलं की सगळ्या तारा समोर. नवी टाकायची असो की जळकी शोधायची असो, भिंत फोडायला नको.

आता थंडीचा प्रश्न. वायरला थंडी वाजत नाही, पण तिच्यावर बगॅसची धूळ बसते. उघड्या केबलवर या धुळीचा थर साचला की केबलची उष्णता बाहेर पडत नाही, आणि कोरड्या बगॅसला पेटायला ठिणगी पुरते. केबल जळाली आणि गव्हाण थांबली, की यार्डात ट्रॉल्या उभ्या. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळात गेला नाही, तर वजन घटतं आणि उताराही घटतो. आपला दर त्या उताऱ्यालाच बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. तेव्हा मसाला महाग की कोंबडी, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

पण नुसते पैसे खर्च करून भागत नाही, हेही आमच्या खात्याला सांगितलं पाहिजे. पन्हळ आहे म्हणून तिच्यात तारा कोंबायच्या नसतात. आतली पंचेचाळीस टक्क्यांपर्यंतच जागा तारांनी भरावी, बाकी मोकळी ठेवावी, हा जुना ठोकताळा आहे. दाटीवाटीनं बसलेल्या तारा एकमेकींना तापवतात. मोटारीची तार आणि बॉयलरवरच्या मोजमापाची तार एका कप्प्यात नको. मधे पत्र्याचा पडदा हवा, नाहीतर काट्यावरचे आकडे खोटं बोलू लागतात. पत्र्याच्या पन्हळीचा प्रत्येक जोड तांब्याच्या पट्टीने जोडून अर्थिंगला बांधला पाहिजे. कापलेली कड कानशीने घासली पाहिजे, नाहीतर तीच कड वायरचं आवरण कापते. पन्हळ भिंतीतून पलीकडे जाते, तिथलं भोक न जळणाऱ्या मसाल्यानं बुजवलं पाहिजे. नाहीतर एका खोलीतली आग त्याच वाटेनं दुसऱ्या खोलीत जाते.

आणि सगळ्यात मोठी तक्रार झाकणाची. काम झालं की झाकण भिंतीला टेकवून ठेवतात आणि हंगामभर ते तिथंच राहतं. विचारलं तर म्हणतात, "साहेब, उद्या परत उघडायचंच आहे." मीही तरुणपणी हेच उत्तर दिलेलं आहे.

आता आपल्या घरचं. कारखान्याला शहाणपण शिकवताना माझ्या गोठ्यात मात्र वायर खिळ्यांवरून लोंबत होती. पावसाळ्यात उंदरानं ती कुरतडली आणि उघडी तार पत्र्याला टेकली. दाव्याची साखळी पत्र्याच्या खांबाला होती. सकाळी दुभती गाय मेलेली सापडली. धार काढायला माझी सून जाणार होती, तिला त्या दिवशी उशीर झाला, एवढंच आमचं नशीब. तीस वर्षं वायरिंग करणाऱ्या माणसाच्या घरी हे घडलं, हे लिहायला लाज वाटते. पण लिहिलं पाहिजे.

गोठ्यात दमट हवेनं आणि गोमूत्रानं पत्रा गंजतो, म्हणून तिथं पीव्हीसीची पट्टी उंचावर बसवावी आणि टोकं टोपीनं बंद करावीत, म्हणजे उंदराला आत वाट राहत नाही. उन्हात मात्र ही पट्टी ठिसूळ होते. आणखी एक गैरसमज नको. पट्टी तारेला मार लागू देत नाही, पण शॉक बसण्यापासून वाचवायला अर्थिंग आणि आरसीसीबी हवीच. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं. वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि ट्रंकिंगसाठी आयएस १४९२७ ही भारतीय मानकं आहेत. माल घेताना दुकानदाराला तेवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत.

संचालक मंडळाला माझ्या तीन सूचना आहेत. ट्रंकिंगची रक्कम कापू नये. हंगामाच्या मधे कोणत्याही खात्यानं नोंदवहीत लिहिल्याशिवाय पन्हळीत जादा तार घालू नये. आणि गट ऑफिसवर ऊस लागवडीचं मार्गदर्शन होतं, तसं एकदा गोठ्याच्या आणि मोटारीच्या वायरिंगचंही व्हावं.

गव्हाणीची पूजा झाल्यावर आपण सगळे मोळी टाकायला पुढे सरसावतो. यंदा त्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी मिल हाऊसमधून एक फेरी मारावी आणि सगळी झाकणं जागेवर आहेत ना, एवढं पाहून यावं. कोणी नसेल तर मला निरोप द्या, मी येतो.

— एक सभासद