जुन्या अणुभट्टीला उष्णतेचा उपचार

न्यूट्रॉनांचा मारा वर्षानुवर्षे सोसून अणुभट्टीच्या दाबपात्राचे पोलाद ठिसूळ होत जाते. तांबे आणि फॉस्फरस जास्त असलेले वेल्डिंगचे सांधे तर सर्वांत आधी. हे अवाढव्य पात्र बदलणे जवळपास अशक्य. म्हणून ते जागच्या जागी साधारण ४३० ते ४७५ अंश सेल्सिअसला तापवून शंभर-दीडशे तास तसेच ठेवण्याचा मार्ग मला योग्य वाटतो. त्या उष्णतेत धातूतले अणू पुन्हा हलतात, माऱ्याने पडलेली वैगुण्ये मिटतात, तांब्याचे सूक्ष्म पुंजके मोठे पण विरळ होतात आणि चिवटपणा बराचसा परततो. रशियात नोवोवोरोनेझला १९८७ मध्ये, फिनलंडमध्ये लोव्हिसाला १९९६ मध्ये आणि आर्मेनियात मेत्सामोरला २०२१ मध्ये हे करण्यात आले.

मारा सुरूच राहणार, मग ठिसूळपणाही परतणार, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचा वेग नमुन्यांवर मोजता येतो. मोजमाप नसेल तर परवानगी नकोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मेत्सामोर भूकंपप्रवण भागात आहे, त्याला आधुनिक धाटणीचे संरक्षक कवच नाही, आणि पोलाद सुधारल्याने या उणिवा भरून निघत नाहीत. त्यामुळे आयुष्यवाढीचा निर्णय एकट्या दाबपात्राच्या तब्येतीवर घेऊ नये, आणि चाचण्यांचे आकडे नागरिकांसमोर ठेवल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये.