दोन दिवसांची मुंबई, एकच मोठे जेवण

संपादक महोदय,


सुट्टीच्या पुरवण्यांत ‘मुंबईत आवर्जून जेवावे अशी दहा ठिकाणे’ अशा याद्या सतत छापून येतात. वाचकाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरहून शनिवार-रविवारसाठी येणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला मोजून तीन-चार जेवणे येतात. त्यांतले एकच भारी ठिकाणी व्हावे, ते सर्वांत आधी ठरावे आणि बाकीचा मुक्काम त्याच्या सोयीने आखावा. दहा नावे समोर ठेवली की नेमके हेच ठरत नाही.

फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तीत १९२६ मध्ये उपाहारगृहांना तारे मिळू लागले आणि १९३१ मध्ये ताऱ्यांच्या तीन पायऱ्या झाल्या. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे ठिकाण, तीन म्हणजे केवळ त्या जेवणासाठी प्रवास करावा असे. वाटेवरच्या माणसाने किती वेळ आणि किती अंतर खर्च करावे, याचे उत्तर त्या ताऱ्यात होते. भारतातल्या एकाही शहरासाठी ही मार्गदर्शिका निघत नाही. म्हणून आपल्याकडे ‘एशियाज फिफ्टी बेस्ट’ या २०१३ पासूनच्या यादीचा आधार घेतला जातो. ती तीनशेहून अधिक शेफ, उपाहारगृहांचे मालक, खाद्यलेखक आणि खवय्ये यांच्या मतांवर बनते. मत देण्यासाठी ठरावीक निकष नसतात. यादी खोटी नाही. पण प्रवाशाच्या वेळेचा हिशेब तिच्यात नाही.

महालक्ष्मीच्या जुन्या लक्ष्मी वुलन मिलमधले ‘मास्क’ घ्या. २०१६ मध्ये सुरू झालेले हे ठिकाण त्या यादीत अनेकदा भारतात पहिले आले आहे, आणि तो मान रास्त आहे. मात्र तिथे मेन्यूकार्ड पाहून दोन भाज्या आणि रोटी मागवता येत नाही. ठरलेल्या क्रमाने एकामागून एक दहा पदार्थ येतात. अशा जेवणाला अडीच-तीन तास लागतात, म्हणजे ती संध्याकाळ त्याचीच. वांद्र्याच्या ‘पापाज’मध्ये जेमतेम बारा जणांची सोय आहे, त्यामुळे आयत्या वेळी जाऊन जागा मिळेल ही आशा नको. याउलट लोअर परळच्या कमला मिल्समधले ‘बॉम्बे कँटीन’. मुंबईत जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेल्या दिवंगत फ्लॉइड कार्डोझ यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये ते उभे राहिले. तिथे हवे ते मागवता येते, घरातली मोठी माणसे आणि मुलेही सुखाने जेवतात. ही तिन्ही ठिकाणे एका यादीत, एकाखाली एक छापली की त्यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरकच पुसला जातो.

आता शनिवारचेच पाहा. आपल्याकडे कित्येक घरांत शनिवार पाळतात, कधी त्याच दिवशी एकादशी किंवा संकष्टी येते. नेमके त्या रात्री मासे-मटणाचा ठरलेला क्रम घेऊन बसायचे आणि घरातल्या एकाने पाण्याच्या घोटांवर वेळ काढायची, हे कशासाठी? शाकाहारी क्रम बहुतेक ठिकाणी मिळतो, पण तो जागा राखतानाच सांगावा लागतो. त्याहून बरे म्हणजे मोठे जेवण रविवारी दुपारी ठेवावे. दुपारी उघडे असलेले फोर्ट किंवा कुलाब्यातले ठिकाण निवडले, तर पुणेकराला निवांत जेवून संध्याकाळी पाच-दहाची डेक्कन क्वीन गाठता येते.

बिलाबद्दलही याद्या गप्प असतात. साध्या उपाहारगृहात जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो; खोलीचे भाडे साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या उपाहारगृहात अठरा टक्के. आठ हजारांच्या जेवणाचे एकीकडे ८,४०० होतात, दुसरीकडे ९,४४०. हजाराहून अधिक रुपयांचा हा फरक मध्यमवर्गीय घराला आधी कळायलाच हवा. सेवाशुल्क सक्तीने घेता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. हे माहीत नसल्यामुळे, आणि परक्या शहरात वाद नको म्हणून, लोक मुकाट्याने पैसे देतात.

जे घराजवळ मिळते तेच महागड्या ताटलीत खायला मुंबई गाठू नये, हेही कुणीतरी ठणकावून सांगायला हवे. आपल्या पुढच्या पुरवणीत दहाऐवजी तीनच ठिकाणे द्यावीत. प्रत्येकापुढे जेवणाला लागणारा वेळ, शाकाहाराची सोय, करासह दोघांचे बिल, साप्ताहिक सुट्टी आणि जवळचे रेल्वे स्थानक एवढे छापावे. आणि बातमीदाराने तिथे स्वतःच्या पैशाने जेवून मगच लिहावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक