पडदा कोणाच्या नावावर?

चकलीची परीक्षा जिभेने करावी. ती कोणत्या घरची, हे आधी विचारून नव्हे. विद्वानांच्या दरबारात मात्र हा साधा न्याय चालत नाही. शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला, की संपादक तो दोन-तीन तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी धाडतात. परीक्षकाचे नाव गुप्त. लेखकाचे मात्र पुष्कळ ठिकाणी उघडे!

यात बिघडले काय? ऐका. पीटर्स आणि सेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामांकित विद्यापीठांतील लेखकांचे छापून आलेले १२ निबंध त्यांनी खोटी नावे आणि अपरिचित संस्था घालून त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले. ओळखले गेले अवघे ३. उरलेल्या ९ पैकी ८ नापसंत! आता त्यांत गंभीर दोष दिसू लागले. पहिल्या खेपेस ते कुठे दडले होते? हा निव्वळ नशिबाचा खेळ म्हणावा, तर तेही परीक्षेला भूषणावह नाही.

म्हणून परीक्षणच नको काय? छे! १९३६ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’ने आइन्स्टाइन आणि रोझेन यांचा गुरुत्वलहरींवरील निबंध परीक्षकाकडे पाठवला. आइन्स्टाइन रागावले, निबंध परत घेतला. पण निनावी परीक्षकाचा आक्षेपच खरा ठरला.

तेव्हा परीक्षक हवाच, त्याला पडदाही हवा. पण तोच पडदा लेखकालाही द्या! आडगावच्या कॉलेजातील होतकरू मुलीचा निबंध तिच्या अक्षरांवर तरावा वा बुडावा, पत्त्यावर नव्हे.