सशाच्या गवताला शेतकऱ्याचा डोळा हवा

बेळगावच्या टिळकवाडी-शहापूर भागात किंवा निपाणीच्या नव्या वसाहतींत ससा पाळणारी घरं आता नवलाची राहिलेली नाहीत. पोरांच्या हट्टापायी पांढरी जोडी घरात येते, गॅलरीत पिंजरा लागतो आणि पहिल्या दिवसापासून गाजर, कोबी, चपातीचा तुकडा, कधी बिस्कीट असा पाहुणचार सुरू होतो. पुढे कधीतरी कोणीतरी सांगतं की सशाला वाळलं गवत लागतं. मग मोबाईलवर शोधाशोध होते आणि टिमोथी नावाच्या परदेशी गवताचं पाकीट मागवलं जातं. थंड हवेतलं हे गवत सशासाठी चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या मुलखात दसरा-दिवाळी झाली की खानापूरपासून चिकोडीपर्यंत गवताच्या गंज्या उभ्या राहतात, तिथल्या माणसानं मूठभर गवत पारखायचं सोडून पाकिटावरच्या चित्रावर विसंबावं, हे पटत नाही.

ससा गवतावर जगणारा प्राणी आहे, गाजरावर नव्हे. त्याचे पुढचे दात आणि दाढाही जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर वाढतात आणि ते झिजायचे ते चावून चावूनच. चिवट, तंतुमय गवत दाढांखाली बराच वेळ रगडलं जातं, तशी दाढांची झीज होते. पेलेटचे, म्हणजे तयार खाद्याचे, दाणे दोन दातांत फुटतात आणि संपतात. शिवाय सशाला उलटी करता येत नाही. आतडं सतत हलतं राहिलं तरच त्याचा जीव शाबूत, आणि ते हलतं ठेवण्याचं काम तंतू करतात. दहा-बारा तास ससा काही खात नसेल आणि त्याच्या लेंड्या थांबल्या असतील तर वाट पाहत बसू नये, थेट पशुवैद्य गाठावा. दात आणि आतडं या दोन्हींसाठी मोठ्या सशाच्या आहारात सुमारे 80 टक्के वाटा वाळल्या गवताचा असावा असं जाणकार सांगतात. इतका मोठा वाटा ज्या वस्तूचा, तिची प्रत घरोघरी कोणी पाहत नाही, ही खरी अडचण आहे.

प्रत पाहायची कशी, हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. शाळूचा कडबा शेकड्यानं घेताना तो पेंढीचा आळा सैल करून आत हात घालतो. वरचं ताट उन्हानं पांढरं पडलं असेल तर त्याची फिकीर करत नाही. आतला पाला शाबूत आहे का, बुडख्याला काळपट डाग आहेत का, पेंढी अवकाळीत भिजली होती का, हे तो बघतो. ताट मोडून पाहतो, वास घेतो. सोलापूरकडच्या मोहोळ केंद्रात निवडलेल्या मालदांडी 35-1 या वाणाला इतकी वर्षं मान आहे, त्यात ज्वारीच्या दाण्याइतकाच कडब्याचाही वाटा आहे. जनावर काय आवडीनं खाईल आणि काय गव्हाणीत टाकून देईल, हे या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शहरातल्या ससेवाल्यानं एकदा अशा माणसाबरोबर गंजीपाशी जाऊन उभं राहावं.

मात्र गाई-म्हशीची फूटपट्टी सशाला जशीच्या तशी लावता येत नाही. दुभत्या जनावरासाठी चाऱ्यात प्रथिनं किती, हा प्रश्न आधी येतो. अमेरिकेच्या कृषी खात्यानं गवताच्या बाजारासाठी ज्या प्रती ठरवल्या आहेत, त्यांत 13 टक्क्यांहून जास्त प्रथिनं असलेलं गवत सर्वांत वरच्या प्रतीत बसतं आणि 5 टक्क्यांच्या आतलं सर्वांत खालच्या. आपल्याकडचं दिवाळीनंतर कापलेलं डोंगरी गवत या मोजणीत तळाला जाईल, कारण तोवर त्याचं बी गळून काडी राठ झालेली असते. पण मोठ्या सशाला गवतातून मुख्यतः तंतू हवे असतात. प्रथिनांची कमतरता हिरवा पाला आणि थोडं पेलेट भरून काढतं. उलट, गुणवान म्हणून नावाजलेला लसूणघास मोठ्या सशाला रोज घालणं चुकीचं आहे. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. सशाचं शरीर जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतं आणि ते मूत्राशयात साठून चिकट गाळ होऊ शकतो. लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला द्यावा, सहा-सात महिन्यांनंतर बंद करत आणावा.

मग सीमाभागातलं कुठलं गवत चांगलं? पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी 1973 साली भारतातल्या कुरणांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात दख्खनच्या पठाराची कुरणं पवना आणि मारवेल या दोन गवतांवरून ओळखली जातात. यातला मारवेल सशासाठी उत्तम. काडी बारीक, पाला भरपूर, जनावरं आवडीनं खातात आणि बांधावर तो आपोआप येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं त्याचे सुधारित वाणही दिले आहेत.

डोंगरी गवताच्या पेंढीत मात्र एक शत्रू लपून येतो, तो म्हणजे कुसळी. तिचं पिकलेलं बी हातात घेऊन पाहावं. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार, मागे वळलेले बारीक केस असलेलं टोक आणि दुसरीकडे लांब, पीळ भरलेलं कुसळ. थेंबभर पाणी लावलं की पीळ उलगडू लागतो, बी तळहातावर गरगर फिरतं आणि टोक कातडीत शिरायला बघतं. मागे वळलेल्या केसांमुळे आत गेलेलं बी परत येत नाही. मेंढ्यांच्या लोकरीतून ही कुसळं कातडीत घुसतात, म्हणून कुसळी पिकली की धनगर त्या रानात कळप घालताना विचार करतो. सशाच्या तोंडात ओल असतेच; हिरडी, जीभ, डोळ्याचा कोपरा यांत हे टोक गेलं तर गळू होतं. गवत कितीही हिरवंगार आणि सुवासिक असो, त्यात पिकलेली कुसळी दिसली तर ते सशासाठी घेऊच नये.

बाकीची पारख पाच मिनिटांची आहे. काडी दुमडली की कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर ओल शिल्लक आहे. ओल 15 टक्क्यांच्या आसपास उतरल्यावरच गवत टिकतं. 20 टक्क्यांच्या वर ते आतून तापतं आणि बुरशी धरतं. ओलसर रचलेल्या गंज्या कधी आपोआप पेट घेतात, त्याचं कारण हीच उष्णता. मूठभर गवत काळ्या कापडावर झटकावं. माती आणि पांढुरकी भुकटी पडली तर परत करावं, कारण ससा जवळजवळ फक्त नाकानंच श्वास घेतो आणि त्याला धूळ फार बाधते. वास गोडसर यायला हवा. कुबट वास आला तर ते गवत उन्हात घालून ‘सुधारत’ बसू नये. वास जातो, पण बुरशीचं विष राहतं आणि ससे त्याला फार हळवे असतात. रंगाचा आग्रह मात्र थोडा सोडावा. वरचा थर पिवळा पडला म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’ बनवणारा कॅरोटीन कमी झाला इतकंच. तंतू कुठेही गेलेले नसतात. काळा-तपकिरी रंग ही वेगळी गोष्ट, तो भिजल्याचा पुरावा.

घराजवळ सहज मिळतं म्हणून घातल्या जाणाऱ्या काही गोष्टी वगळायला हव्यात. भाताचं पिंजर पिंजऱ्यात अंथरायला ठीक, मुख्य आहार म्हणून नाही. उसाच्या वाड्यात ऑक्झलेट जास्त. ज्वारीचे कोवळे हिरवे पोंगे जनावराला किरळ (विषबाधा) लावतात, ते सशाच्या आसपासही नकोत. नीट वाळलेल्या कडब्याचा पाला अधूनमधून चालेल. आणि निपाणी भागात खास सांभाळायची बाब तंबाखूची. ज्या खळ्यावर तंबाखू पसरला, ज्या ट्रॅक्टरमधून त्याची बोदं गेली, तिथलं गवत घेऊ नये. निकोटिन विषारी आहे आणि सशाचा जीव दोन किलोचा. गाजर गवताच्या काड्याही पेंढीतून वेचून काढाव्यात.

विक्रेत्यांकडे एक मागणी जोरात करायला हवी. गवताच्या पाकिटावर किंमत असते, गोंडस सशाचं चित्र असतं. पण ते कुठलं गवत आहे, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या भागात कापलं, हे पुष्कळदा नसतं. या तीन गोष्टींशिवाय गवत विकणं म्हणजे ग्राहकाला अंधारात ठेवणं आहे. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात सापडलेलं गवत आणि फेब्रुवारीच्या कडक उन्हात दोन-तीन दिवसांत वाळलेलं गवत यांत मोठा फरक असतो आणि तो पैसे मोजणाऱ्याला कळलाच पाहिजे. पाणी असलेल्या शेतकऱ्याला तर इथे संधीच आहे. बांधावरचा मारवेल फुलोरा येऊ लागताच उन्हाच्या दिवसांत कापला, सावधपणे वाळवला आणि त्यावर गावाचं नाव व महिना घालून बेळगाव-कोल्हापुरात विकला, तर परदेशी पाकिटाला तो सहज टक्कर देईल. झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेचं विभागीय केंद्र धारवाडात आहे. त्यांनी आणि पशुवैद्यकांनी मिळून पाळीव सशांसाठी मराठी-कन्नड अशी एक साधी माहितीपत्रिका काढली, तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांना तिचा उपयोग होईल.

हिशेबही अवघड नाही. दोन किलोच्या सशाला रोज 80 ते 100 ग्रॅम वाळलं गवत धरलं, तर वर्षाला 30 ते 36 किलो पुरतं. सुगीत एकदाच पारखून घ्यावं आणि जून ते सप्टेंबरचा साठा प्लास्टिकच्या बंद पिशवीत न कोंबता तागाच्या पोत्यात, फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावा. बेळगावच्या पावसात दर आठवड्याला पोत्यात हात घालून उब आणि वास तपासावा. नवं गवत सुरू करताना जुन्यात मिसळून आठ-दहा दिवसांत बदलावं आणि त्या दिवसांत सकाळी लेंड्या पाहाव्यात: मोठ्या, गोल, कोरड्या आणि आत गवताचे तंतू दिसणाऱ्या असतील तर गवत मानवलं. त्या लहान, काळ्या किंवा कमी होऊ लागल्या, तर गवत बदलावं आणि डॉक्टरांना फोन करावा.