मामाची डायरी आणि सरकारी लॉगबुक

गेल्या शनिवारी मामाकडे गेलो होतो. मामा आरोग्य खात्यात ड्रायव्हर होता, आता रिटायर झालाय. चहा घेता घेता गाड्यांचा विषय निघाला आणि मी आपलं नेहमीचं शहरी वाक्य टाकलं, "सरकारी गाड्या म्हणजे नुसते खटारे!" मामा काही बोलला नाही. आत गेला आणि एक जुनी डायरी घेऊन आला.

डायरीत त्याच्या जीपची सगळी कुंडली. ऑइल कधी बदललं, ब्रेक लायनर कुठल्या किलोमीटरला घातले, पाटा कधी तुटला. ऑफिसने ही कधी मागितली नव्हती. एका पानावर क्लच प्लेटची हकीकत आहे. क्लच स्लिप व्हायला लागला तेव्हाच मामाने सांगितलं होतं. पण खर्च साहेबांच्या अधिकाराबाहेरचा. मग तीन कोटेशनं, फाइल जिल्ह्याला, शंका काढून परत. तोवर फ्लायव्हीलही गेलं, खर्च वाढला आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून! अडीच महिने जीप शेडमध्ये. तेवढे दिवस मामा लसींचा डबा स्वतःच्या मोटारसायकलला बांधून उपकेंद्रांवर पोचवत होता. एकदा ओढ्याला पाणी आलं आणि एका वाडीचं लसीकरण राहिलं. "बाया पोरांना घेऊन दुपारपर्यंत थांबल्या होत्या," एवढंच म्हणाला.

मी गप्प.

आता गंमत बघा. सरकारी गाडीला लॉगबुक असतं. कुठून कुठे, कशासाठी, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, डिझेल, साहेबांची सही. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा तयार आहे. पण तो गोळा होतो संशयापोटी: साहेबांनी गाडी भाजीला नेली का? नेतात हो, 'महाराष्ट्र शासन' लिहिलेल्या गाडीतून शाळेत उतरणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण या गाडीला किलोमीटरमागे किती खर्च येतो, वर्षात किती दिवस ती उभी होती, हे त्या लॉगबुकातून कुणी काढत नाही.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. १९४८ पासून धावणाऱ्या आपल्या एसटीतच बघा. किती टक्के बस रस्त्यावर, दहा हजार किलोमीटरमागे ब्रेकडाऊन किती, दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर, सगळं मोजतात. भोसरीची सीआयआरटी देशभरातल्या एसटी महामंडळांचे असे आकडे एकत्र करत आली आहे. (हसू नका, एसटीची अवस्था मलाही माहीत आहे. पण निदान आजार आकड्यात दिसतो.) खात्यांच्या जीपगाड्यांना ही शिस्त का नाही?

त्यात १ एप्रिल २०२३ पासून नियम आला की पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू होणार नाही. केंद्र, राज्य, महापालिका, एसटी, सगळ्यांना लागू. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेची खास वाहनं तेवढी वगळली. धूर आणि सुरक्षितता बघता हेतू बरोबरच आहे. पण शेडमध्ये उभी राहिलेली गाडी आणि घाटात चार लाख किलोमीटर घासलेली गाडी, दोघींना एकच वय? आणि देखभालीअभावी जी नवव्या वर्षीच मेली, तिच्याबद्दल हा नियम काहीच बोलत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. दर गाडीमागे वर्षाची ठराविक रक्कम तालुक्याच्या साहेबांच्या हातात द्या, किलोमीटर भरले की न विचारता सर्व्हिसिंग करा, आणि प्रत्येक गाडीचा किलोमीटरमागचा खर्च आणि उभे दिवस ऑफिसच्या फळ्यावर लिहा. खोटी बिलं लावतील? लावतील की. पण एकाच मॉडेलच्या पाच जीपांचे आकडे शेजारी शेजारी आले की चोरी तीन कोटेशनांपेक्षा लवकर सापडेल. आणि कृपा करून आधी अ‍ॅप बनवू नका! आम्ही लोक मस्त डॅशबोर्ड करून देऊ, ट्रेनिंगही घेऊ, आणि क्लचची फाइल त्याच ट्रेमध्ये पडून राहील.

असो. निघताना डायरी स्कॅन करायला मागितली. मामा म्हणाला, "ने, पण मंगळवारपर्यंत परत आणून दे." जीप लिलावात जाऊन कितीतरी वर्षं झाली. डायरी कशाला लागते, ते मी विचारलं नाही.