मनगटावर घड्याळ आलं, गॅस मोजणारं यंत्र कुठे आहे?

नागपूर, चंडीगड, पंचकुला अशा शहरांत गेल्या काही वर्षांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. कामगार कुठे आहे, किती वेळ एका जागी थांबला, नेमून दिलेली हद्द सोडून गेला का, हे सगळं कार्यालयातल्या पडद्यावर दिसतं. पंचकुल्यातल्या महिला कामगारांनी तर घड्याळात कॅमेरा असेल, आपलं बोलणं ऐकलं जात असेल, अशी भीती बोलून दाखवली.

आता दुसरी गोष्ट बघा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. त्याच्या नियमांत सुरक्षा साधनांची लांबलचक यादी आहे आणि तिच्यात गॅस तपासणारं यंत्रही आहे. आम्ही ज्या ज्या कंत्राटी कामगारांशी बोललो, त्यांच्यापैकी एकानेही ते यंत्र हातात धरलेलं नव्हतं. कायद्याने सांगितलेलं यंत्र पोचत नाही आणि कुठल्याही कायद्याने न मागितलेलं घड्याळ पोचतं. हा योगायोग आहे, असं आम्हाला वाटत नाही.

प्रत्येक यंत्र कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं. घड्याळ बनवताना प्रश्न होता, ‘कामगार कामचुकारपणा करतो का?’ हा प्रश्न साहेबाचा आहे. ‘खाली उतरलेला माणूस जिवंत वर येईल का?’ हा प्रश्न त्याच्या बायकोचा आहे. तो टेंडर काढणाऱ्या टेबलापर्यंत जातच नाही, कारण त्या टेबलाशी तिच्या घरातलं कुणी बसलेलं नसतं.

आम्ही एका वस्तीत ड्रेनेजच्या कामावर जाणाऱ्यांबरोबर बसलो आणि एकच विचारलं : मशीन तुम्ही बनवायचं ठरवलं तर कसं बनवाल? आधी सगळे हसले. मग जे बोलायला लागले ते थांबेनात. मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी अडते, चोकअप मात्र गल्लीच्या शेवटी असतो. पाण्याच्या दाबाने चिखल पुढे सरकतो, पण विटांचे तुकडे, चिंध्या, प्लास्टिक तसंच राहतं आणि ते काढायला शेवटी माणूसच उतरतो. जुन्या चेंबरची झाकणं गंजून बसलेली, ती उघडण्यातच कंबर मोडते. एक काका म्हणाले, “झाकण उघडून आधी झुरळं बघतो. झुरळं पळाली तर हवा आहे. मेलेली दिसली तर उतरत नाही. पण मुकादम मागे उभा असला की उतरावंच लागतं.”

हे ज्ञान गौरवण्यासारखं नाही. मरण बघत बघत कमावलेलं आहे. पण चांगलं यंत्र बनवायला लागणारी निम्मी माहिती त्या बैठकीत होती, आणि काकांच्या शेवटच्या वाक्यात तर यंत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट होती : गॅसचा भोंगा वाजला तर काम थांबवायचा अधिकार कुणाचा?

विकासाच्या नावाखाली वरून यंत्र उतरवण्याची खोड फक्त आपल्याकडची नाही. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक इकडे ‘प्लेपंप’ नावाचं चक्र बसवलं गेलं. मुलं त्यावर खेळतील आणि पाणी आपोआप वर चढेल, अशी कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेतून त्यासाठी मोठ्या निधीची घोषणा झाली. मुलं दिवसभर थोडीच खेळणार! ते जड चक्र बायांना ढकलावं लागलं, आणि काही ठिकाणी आधीचा चालता हातपंप काढून ते बसवलेलं होतं. पाणी भरणाऱ्या बाईला आधी विचारलं असतं तर तिने पाच मिनिटांत सांगितलं असतं.

बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, हे स्पष्ट मांडलं. आणि १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांचा मुद्दाच हा होता की अस्पृश्यांचं मत दुसऱ्या कुणी मांडणं पुरेसं नाही, अस्पृश्य माणूस स्वतः तिथे असला पाहिजे. विधिमंडळासाठी मांडलेला हा मुद्दा यंत्राच्या आराखड्याला का लागू करू नये?

थोडं घडलंय, ते नाकारायचं कारण नाही. तिरुवनंतपुरममध्ये २०१८ साली तरुण इंजिनिअरांचा ‘बॅंडिकूट’ रोबो मॅनहोलमध्ये उतरला आणि तो चालवायचं प्रशिक्षण सफाई कामगारांना दिलं गेलं. हैदराबादेत २०१७ पासून अरुंद गल्लीत शिरणाऱ्या छोट्या जेटिंग गाड्या आल्या. २०१९ मध्ये दिल्लीत दलित उद्योजकांच्या ‘डिक्की’ संघटनेच्या सहभागाने २०० गाड्या आल्या, त्यांची मालकी सफाई कामगारांच्या कुटुंबांपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला. मालकी ही मोठी गोष्ट आहे. तरीही चालक होणं, मालक होणं आणि यंत्र कसं असावं हे ठरवणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तिसरीवर आपण अजून नाही.

आपल्यातलेच काही मित्र विचारतात, गाडी देऊन आपल्या माणसाला त्याच गटाराशी बांधून ठेवायचं का? प्रश्न खरा आहे. आमचं उत्तर असं की पंचेचाळीस वर्षांचा माणूस उद्या सकाळी पुन्हा कामावर जाणार आहे, तो संध्याकाळी घरी आला पाहिजे. त्याच्या मुलीने मात्र ते काम वारशात घेता कामा नये. दोन्ही लढाया एकदमच लढाव्या लागतील. त्या मुलीने इंजिनिअर होऊन यंत्र बनवलं तर आम्हाला आनंदच आहे, पण तोपर्यंत तिच्या बापाला अडाणी समजून गप्प बसवू नका.

मागणी साधी आहे. सफाईचं यंत्र घेण्यासाठी जी तांत्रिक समिती बसते, तिच्यात प्रत्यक्ष उतरणारे किमान दोन कामगार हवेत, त्यात एक कंत्राटी. त्या दिवसांची मजुरी त्यांना मिळाली पाहिजे. यंत्राची चाचणी आपल्या वस्तीतल्या सगळ्यात अरुंद गल्लीत व्हावी आणि कामगारांची सही झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये.

ज्यांना माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येतो, त्यांनी या महिन्यात आपापल्या पालिकेत दोनच गोष्टी विचाराव्यात : शेवटचं सफाई यंत्र घेताना समितीत कोण कोण होतं, आणि गॅस तपासणारी यंत्रं किती आहेत व कुठल्या कपाटात आहेत. ‘नमस्ते’ योजनेच्या यादीत आपल्या वस्तीतल्या कंत्राटी कामगारांची नावं चढली का, तेही त्याच फेरीत बघून या. उत्तरं आली की आम्हाला कळवा.

जय भीम.